देवघेवीची खिडकी



पत्रिकेवर आजचा विषय वाचून काही मंडळी घरीच राहतील अशी आम्हांला धास्ती होती. 'वेब एपीआय' हे शब्द कानाला परके आहेत खरे, पण त्यामागची वस्तू वाचनालयाच्या जुन्या सभासदांच्या चांगल्या ओळखीची आहे. पूर्वी बहुतेक वाचनालयांत सभासदाला कपाटांपर्यंत जाऊ देत नसत. देवघेवीच्या खिडकीशी उभे राहायचे, दाखल क्रमांक लिहून चिठ्ठी आत सरकवायची आणि वाट पाहायची. आतून पुस्तक येई, नाहीतर 'बाहेर आहे' असे उत्तर येई. आत कपाटे कशी लावली आहेत याच्याशी आपणांस कर्तव्य नसे. वेब एपीआय ही अशीच खिडकी. फरक इतकाच की तिच्यापुढे माणसाऐवजी दुसऱ्या कुणाचा तरी प्रोग्राम उभा असतो.

चिठ्ठीचा नमुना ठरलेला आहे. एचटीटीपीच्या संकेतांनुसार तिच्यावर एक क्रियापद आणि एक पत्ता असतो. 'गेट' म्हणजे दाखवा, 'पोस्ट' म्हणजे नवी नोंद घ्या, 'डिलीट' म्हणजे नोंद काढून टाका. उत्तरावर तीन अंकी शेरा येतो : 200 म्हणजे ठीक, 404 म्हणजे अशी वस्तू येथे मिळाली नाही, 403 म्हणजे तुम्हांस परवानगी नाही, आणि 500 म्हणजे आतल्या आतच काहीतरी कोसळले. रॉय फील्डिंग यांनी 2000 साली आपल्या प्रबंधात वेबच्या रचनेची जी तत्त्वे मांडली त्यांस 'रेस्ट' म्हणतात. आजच्या बहुतेक खिडक्या कमीअधिक निष्ठेने त्यांचे नाव सांगतात. कमी निष्ठेनेच अधिक, असा आमचा अनुभव आहे.

अशी खिडकी बांधण्यासाठी तयार चौकटी मिळतात. आम्ही घेतली ती 'जँगो'. अमेरिकेत कॅन्सस राज्यातील लॉरेन्स या गावच्या वृत्तपत्रात 2003 च्या सुमारास एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी ती रचली. 2005 साली ती सर्वांसाठी खुली झाली, आणि जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव तिला मिळाले. वृत्तपत्राच्या कचेरीत काम आजच्या आज हवे असते. त्या घाईचा गुण या चौकटीत उतरला आहे, आणि आमच्या हाती आल्यावर तिचा दोषही झाला.

पुस्तकाची नोंद कशी असते ते पायथन भाषेत एकदा लिहिले की त्यावरून चौकट कोष्टक उभे करते. तिच्या जोडीला 'जँगो रेस्ट फ्रेमवर्क' नावाचा संच मिळतो. त्यात 'सीरियलायझर' नावाचा छोटा भाग लिहायचा; नोंदीतले कोणते रकाने बाहेर पाठवायचे हे तो ठरवतो. मग कोणत्या क्रियापदाला कसे उत्तर द्यायचे ते सांगणारा 'व्ह्यूसेट', आणि शेवटी पत्ता. सारे मिळून वीस-पंचवीस ओळी होतात.

चार वर्षांपूर्वी एका वाचनालयासाठी आम्ही हे काम एका रविवारी दुपारी संपवले आणि संध्याकाळी भजी खाल्ली. सीरियलायझरमध्ये रकान्यांची नावे एकेक करून लिहायची असतात. पण त्याऐवजी 'ऑल', म्हणजे सगळे, एवढा एकच शब्द लिहिला तरी भागते. आम्ही तो लिहिला. लेखकाच्या क्रमांकाऐवजी त्याचे नाव दिसावे म्हणून, जोडलेल्या नोंदी एक पायरी उलगडून दाखव, अशीही सूचना दिली. लेखकाचे नाव दिसू लागले. पण पुस्तकाच्या नोंदीला आणखी एक दोरा बांधलेला होता : पुस्तक सध्या कोणाकडे आहे. तोही उलगडला.

खिडकी नऊ दिवस तशी उघडी होती. महाविद्यालयातला एक मुलगा तिच्या आधारे मोबाइलसाठी काही करू पाहत होता. त्याने दहाव्या दिवशी सकाळी येऊन विचारले, "काका, यातले फोन नंबर पण दाखवायचे का?" पुस्तक, सभासद, पत्ता, फोन, सारे त्याच्या पडद्यावर होते. आम्ही चहाचा कप तसाच ठेवून खिडकी बंद केली.

त्या दिवसांत 41 सभासदांकडे पुस्तके होती. आम्ही प्रत्येकाकडे जाऊन घडले ते सांगितले. बहुतेकांनी हसून सोडून दिले. एका बाईंनी घटस्फोटाच्या कायद्यावरचे पुस्तक नेले होते आणि घरी कुणाला ते ठाऊक नव्हते. त्या रागावल्या नाहीत. कुणी पाहिले का, एवढेच त्यांनी विचारले, आणि आम्हांला खात्रीचे उत्तर देता आले नाही. तेव्हापासून त्या वाचनालयात बसून वाचतात. पुस्तक आपल्या नावावर घरी नेत नाहीत.

स्नेही म्हणाले, दोष चौकटीचा. तो अगदीच नाही असे नव्हे. परवानगीविषयी आपण काहीच सांगितले नाही तर हा संच कुणालाही आत घेतो. पूर्वी तर रकाने न सांगणे म्हणजे सगळे देणे असाच अर्थ होई, 3.3 या आवृत्तीपासून मात्र काय द्यायचे किंवा काय वगळायचे, यांपैकी एक सांगावेच लागते. म्हणजे प्रश्न आम्हांला विचारला गेला होता, आणि उत्तर आम्हीच दिले होते. व्ह्यूसेट वाचण्यापुरताच निवडला होता हे नशीब, नाहीतर 'डिलीट'ची चिठ्ठीही स्वीकारली गेली असती!

आता खिडकीतून चार गोष्टी मिळतात : नाव, लेखक, दाखल क्रमांक आणि 'आहे' किंवा 'बाहेर'. पाचवा रकाना चुकून उमटलाच तर काम तेथेच अडवणारी एक चाचणी लिहून ठेवली आहे. पुस्तक परत येण्याची तारीख दाखवावी की नाही यावर वाचनालयाच्या मंडळींत दोन बैठका वाद झाला. तारखेवरून शेजारीपाजारी माणूस ओळखतील, असे ग्रंथपालबाईंचे म्हणणे पडले, आणि तारीख गळली. त्या मुलाला मात्र आपला प्रोग्राम पुन्हा लिहावा लागला, कारण त्याने विसंबून घेतलेली रकान्यांची नावे आम्ही एका सकाळीत बदलली होती.

शेजारच्या खोलीत संगणक मांडून ठेवला आहे. व्याख्यानानंतर ज्यांना पाहायचे असेल त्यांनी एखादा दाखल क्रमांक आठवून यावे; चिठ्ठी कशी आत जाते आणि उत्तर कसे येते ते दाखवू. पुस्तक कोणाकडे आहे हे मात्र कुणी विचारू नये.