गोव्याची आगगाडी कुणाच्या हुकमाने चालते?



साहित्य मंडळाच्या व्याख्यानमालेत रेल्वेचा विषय कशाला, असे तुमच्यापैकी काहींनी पत्रिका हाती पडताच विचारले. त्यातून हे व्याख्यान साखळीत. वाळवंटीच्या काठावर कान देऊन बसलात तर देवळाची घंटा ऐकू येईल, खनिजाच्या ट्रकांचा खडखडाट ऐकू येईल, गाडीची शिट्टी काही ऐकू येणार नाही. गाडी धरायची तर आपण थिवी गाठतो. पण ज्याच्या दारात रूळ नाहीत तो माणूस रुळांकडे जरा लांबून पाहू शकतो, आणि मला आज दाखवायची आहे ती गोष्ट लांबूनच बरी दिसते.

ती गोष्ट अशी. आगगाडीला एकच वेळापत्रक लागते. देशाचे तुकडे पडले, सरहद्दी आल्या, सरकारे बदलली, तरी रूळ मात्र सलग असावे लागतात. मग या सलग रुळांवर हुकूम कुणाचा, हा प्रश्न प्रत्येक विभागलेल्या मुलखात कागदावर सोडवावा लागतो. गोव्यात तो तीनदा सोडवला गेला, आता चौथ्यांदा सोडवला जातो आहे. पहिल्या कागदापासून सुरुवात करू.

२६ डिसेंबर १८७८ रोजी लिस्बनमध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांच्यात करार झाला. १८८० साली तो अमलात आला, मुदत बारा वर्षांची. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत त्याचा उल्लेख ‘रेल्वे आणि बंदराचा करार’ म्हणून येतो, आणि तो अर्धाच खरा आहे. या कराराने गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यामधली जकात उठली. त्याच्या मोबदल्यात गोव्यातले मीठ आणि अबकारी ब्रिटिशांच्या नियंत्रणाखाली गेली. मीठ कुणी काढायचे, किती काढायचे, हे सरहद्दीपलीकडचे अंमलदार ठरवू लागले. छोटी मिठागरे बंद पडली. माडावर चढून सूर काढणाऱ्या रेंदेरांवर कराचा बोजा आला. या नुकसानीपोटी ब्रिटिश सरकार पोर्तुगीज सरकारला वर्षाला चार लाख रुपये देणार होते.

ते चार लाख गेले कुठे? मिठागरवाल्याकडे गेले नाहीत. मुरगावचे बंदर आणि तिथून घाटाकडे जाणारा लोहमार्ग बांधण्यासाठी १८८१ साली लंडनमध्ये एक कंपनी निघाली होती. तिच्या नावातच ‘गॅरंटीड’ हा शब्द होता. म्हणजे धंदा चालो न चालो, भागधारकांना ठरलेले व्याज मिळण्याची हमी पोर्तुगीज सरकारने दिलेली. चार लाखांची रक्कम मुख्यतः त्या हमीकडे वळली. सरळ भाषेत सांगायचे तर बारदेश-साष्टीच्या आगरातले मीठ लंडनच्या भागधारकाच्या ताटात गेले. तुम्ही म्हणाल, रेल्वे तर मिळाली ना? मिळाली. १८८८ पर्यंत मुरगाव ते कॅसलरॉक मार्ग झाला, सुमारे ८२ किलोमीटर, मीटरगेज, दूधसागराच्या अंगावरून जाणारा. बांधणाऱ्यांच्या कौशल्याला नमस्कारच केला पाहिजे. पण ज्यांच्या घामातून त्याचे व्याज फेडले गेले त्यांना विचारायला कुणी आले नव्हते, हेही त्याच वहीत लिहून ठेवायला हवे.

१८९२ साली करार संपला आणि ब्रिटिशांनी तो पुढे चालू ठेवला नाही. जकात परत आली. रूळ मात्र राहिले. मग जी व्यवस्था तयार झाली तिची गंमत पाहा. जमीन पोर्तुगीज, कंपनी लंडनची, आणि १९०२ पासून गाड्या चालवणार कोण, तर धारवाडकडची सदर्न मराठा रेल्वे! पुढे ती मद्रास कंपनीशी जोडली जाऊन मद्रास अँड सदर्न मराठा झाली, १९४४ साली सरकारजमा झाली आणि १९५१ मध्ये दक्षिण रेल्वेत मिसळली. म्हणजे हिंदुस्थान स्वतंत्र झाल्यावरसुद्धा सालाझारच्या गोव्यातली गाडी भारत सरकारची रेल्वे चालवत होती.

याला जोड शोधायची तर बर्लिनपर्यंत जावे लागते. युद्धानंतर त्या शहराचे तुकडे झाले, तरी शहरातली स्थानिक गाडी दोन्ही भागांत पूर्व जर्मनीची रेल्वेच चालवत राहिली. १९६१ साली भिंत उभी राहिली, पश्चिमेतल्या लोकांनी त्या गाडीवर बहिष्कार घातला, गाड्या रिकाम्या धावल्या, आणि १९८४ मध्ये कुठे पश्चिमेतला कारभार पश्चिमेच्या हाती आला. आयर्लंडने वेगळा प्रयोग केला. बेलफास्ट आणि डब्लिन यांना जोडणारी ग्रेट नॉर्दर्न रेल्वे बुडायला आली, तेव्हा १९५३ मध्ये एकमेकांशी धड न बोलणाऱ्या दोन सरकारांनी मिळून तिचे एक संयुक्त मंडळ केले. पाच वर्षे ते टिकले. मग उत्तरेकडच्या सरकारने सरहद्दीवरच्या शाखा आपल्या मर्जीने बंद केल्या आणि १९५८ मध्ये वाटणी झाली. इंजिनेसुद्धा भावाभावांनी भांडी वाटावीत तशी वाटली गेली. माझ्या मते त्या मंडळाची चूक अशी, की पैसे कुणी किती घालायचे हे ठरले होते, पण एकाला नको झाले तर दुसऱ्याने काय करायचे हे कुणी ठरवले नव्हते.

आपल्याकडेही ते ठरले नव्हते. १९५५ साली सत्याग्रह झाला, सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या गेल्या आणि भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केली. कॅसलरॉकला गाडी थांबली. त्या निर्णयाबद्दल मी आज तक्रार करणार नाही. गोळीबारानंतर गाडी चालू ठेवा असे कुणी म्हणाले असते तर तेच विचित्र वाटले असते. पण त्या थांबलेल्या गाडीची एक बाजू आमच्या घरात सांगितली जाई, ती सांगतो.

आजोबांचे धाकटे भाऊ धारवाडला शिकायला होते. साखळीहून सावर्ड्याला जायचे, तिथून गाडी, कुळ्याला पोर्तुगीज शिपायाने ट्रंक उघडायची, घाट चढून कॅसलरॉकला हिंदुस्थानी कस्टमवाल्याने तीच ट्रंक पुन्हा उघडायची, आणि लोंढ्याला गाडी बदलायची. काका-आजोबा म्हणत, एका दिवसात माझी धोतरे दोन सरकारांनी मोजली. गाडी बंद झाली तेव्हा ते पलीकडेच होते. पणजी आजारी पडल्याचे पत्र त्यांना मिळाले ते फार उशिरा. त्यांना येता आले नाही. घरात कुणी याचा दोष कुणाला दिला नाही. फक्त आजी पुढे कित्येक वर्षे गाडी हा शब्द आला की विषय बदलत असे.

पोर्तुगीजांनी नाकेबंदीवर उतारा म्हणून दाबोळीचा विमानतळ उभा केला आणि स्वतःची विमानसेवा काढली. डिचोलीचे खनिज तर मांडवीतून बार्जने मुरगावला जात होतेच, त्याला रुळांची गरज नव्हती. अडली ती माणसे.

मुक्तीनंतर रूळ पुन्हा जोडले गेले आणि आपण समजलो की प्रश्न संपला. देश एक, रेल्वे एक. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत रेल्वे केंद्राच्या सूचीत आहे, २२ वी नोंद. पण गोव्याचा रूळ कुणाच्या ताब्यात, हे बदलतच राहिले: दक्षिण रेल्वे, मग १९६६ मध्ये स्थापन झालेली दक्षिण मध्य, मग २००३ पासून दक्षिण पश्चिम. दर वेळी मंडल तेवढे हुबळीचे. गोव्यात कार्यालय आले नाही ते नाहीच.

दुसरा कागद १९९० चा. कोकणात रेल्वे हवी हे स्वप्न जुने. मधु दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना ते पुरे करण्याची युक्ती निघाली, ती खरोखर नवी होती. केंद्राकडे पैसे नव्हते, म्हणून एक महामंडळ काढले. केंद्राचे ५१ टक्के भाग, महाराष्ट्राचे २२, कर्नाटकाचे १५, गोव्याचे ६ आणि केरळचे ६. यातले केरळचे सहा टक्के मला फार आवडतात. कोकण रेल्वेचा मार्ग मंगळूरजवळ ठोकूरला संपतो. केरळात तिचा एक किलोमीटरही नाही. तरी मुंबईत राहणाऱ्या आपल्या माणसांची वाट सोपी व्हावी म्हणून त्या राज्याने पैसे घातले. रूळ कुठे आहेत यावरून नव्हे, गाडीत कोण बसणार यावरून भागीदारी ठरली. ई. श्रीधरन यांच्या हाताखाली काम झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्गावर गाडी धावू लागली.

पण गोव्यात तो सुखासुखी झाला नाही. मार्ग खाजणांतून, किनाऱ्याजवळच्या दाट वस्तीतून जाणार म्हणून आंदोलन उभे राहिले. तो पूर्वेकडे, अंतर्भागातून न्यावा अशी मागणी होती. काम काही काळ थांबले, निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग बसला आणि शेवटी थोड्याफार फरकाने मूळ आखणीच राहिली. पूर्वेकडे वळली असती तर गाडी आपल्या बाजूला सरकली असती. त्या वेळी आपल्यापैकी कितीजण त्याबद्दल बोलले? मीही नाही. आंदोलन ‘किनाऱ्यावरच्यांचे’ आहे असे आपण समजलो. तो आपला करंटेपणा होता असे मला आता वाटते.

आज गोव्यातल्या प्रवाशाला दोन रेल्वे भेटतात. मडगावला त्या एकमेकींना भेटतात. एकीचे मुख्यालय बेलापूरला, तिचा विभाग कारवारला. दुसरीचे मंडल हुबळीला. पेडण्याच्या बोगद्यात पाणी शिरले की विचारायचे एकाला, कुळ्याच्या घाटात दरड आली की विचारायचे दुसऱ्याला. पणजीत विचारायची सोय नाही.

आणि विचारले तर काय होते, तेही आपण पाहिले आहे. घाटातल्या मार्गाच्या दुहेरीकरणाचा प्रश्न आला. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदरला लोक रात्रभर रुळांवर बसले. ग्रामपंचायतींनी बांधकामाचा परवाना मागितला तर रेल्वेने १९८९ च्या रेल्वे कायद्याचे ११ वे कलम दाखवले: दुसरा कुठलाही कायदा काही म्हणो, रेल्वेला आपले बांधकाम करता येते. शेवटी कॅसलरॉक ते कुळे या टप्प्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची परवानगी मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केली. कोळसा हवा की नको यावर या सभागृहात दोन मते असतील. पण जिथून रूळ जातात त्या गावाला बोलण्यासाठी दिल्लीच्या न्यायालयापर्यंत जावे लागते, हे दोन्ही बाजूंना खटकायला हरकत नाही.

आता चौथा कागद. कोकण रेल्वे महामंडळ भारतीय रेल्वेत विलीन करायचे आहे. गोवा, कर्नाटक आणि केरळ यांनी संमती दिली, २०२५ मध्ये महाराष्ट्रानेही दिली. कारणे खोटी नाहीत. दुहेरीकरण, नवी स्थानके, बोगद्यांची डागडुजी यांना लागणारा पैसा महामंडळाकडे नाही आणि अर्थसंकल्पातून तो इतर विभागांप्रमाणे मिळत नाही. विलीनीकरण झाले तर पैसा येईल. महाराष्ट्राने ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहावे आणि घातलेले पैसे परत मिळावेत असे सांगितले. गोव्याने काय मागितले?

सहा टक्के म्हणजे पैशाच्या हिशेबात काही फार नव्हे. पण त्या सहा टक्क्यांमुळे महामंडळाच्या संचालक मंडळात गोव्याची एक खुर्ची होती. पहिल्या करारात गोवेकराला खुर्ची नव्हती, १९५५ मध्ये असण्याचा प्रश्नच नव्हता, हुबळीत ती कधी मिळाली नाही. दीडशे वर्षांत मिळालेली ती एकमेव. तिचा उपयोग आपण फारसा केला नाही, हे मान्य. म्हणून ती न बोलता परत द्यावी, हे मला मान्य नाही. विलीनीकरणाला माझा विरोध नाही. त्या कागदात तीन ओळी असाव्यात एवढेच म्हणणे आहे: गोव्यातले दोन्ही मार्ग एकाच कार्यालयाखाली असावेत, ते कार्यालय गोव्यात असावे, आणि नव्या आखणीआधी त्या गावांची सुनावणी व्हावी.

आपल्या मंडळाने असे पत्र मुख्यमंत्र्यांना लिहावे आणि विलीनीकरणाचा मसुदा विधानसभेच्या पटलावर ठेवण्याची विनंती करावी, अशी सूचना मी अध्यक्षांकडे लेखी देत आहे. पत्र मराठीत असावे. उत्तर पणजीहून येते, हुबळीहून की दिल्लीहून, ते पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत आपल्याला वाचून दाखवता येईल.