आधी पतंग मोजा

(गेवराई येथील महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनात विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांसमोर प्रमुख पाहुण्यांनी केलेले भाषण)

मागच्या रांगेत मेकअप करून बसलेले, माझं कधी संपतं याची वाट पाहणारे सगळे कलाकार,

मघाशी चहा घेताना रसायनशास्त्राचे सर हळूच म्हणाले, "मॅडम, पोरांना संशोधन, करिअर वगैरे सांगा, पण फार खोलात जाऊ नका." सर, माझं पोटच खोलात जाण्यावर आहे. बोअरच्या पाण्यात काय काय विरघळलंय ते तपासणं हीच माझी नोकरी. त्यामुळे थोडं सहन करा.

जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात देहेड नावाचं गाव आहे. तिथला एक मुलगा नागपूरला जाऊन डॉक्टर झाला आणि १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाला. डॉ. हिंमतराव बावस्कर. कोकणात तेव्हा लाल विंचवाच्या दंशाने धडधाकट माणसं, लहान लेकरं एका रात्रीत जायची. पुस्तकात खात्रीचा उपाय नव्हता. आरोग्य केंद्रात यंत्रं नव्हती. मग या माणसाने काय केलं? रुग्णाच्या उशाशी बसून नाडी, रक्तदाब, श्वास, हातपाय गार पडतात का, हे तासातासाला लिहून ठेवलं. एकाचं नाही, येईल त्या प्रत्येकाचं. नोंदी साठत गेल्या तसं दिसायला लागलं की विष रक्तवाहिन्या आवळतं, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसात पाणी भरतं आणि त्यात माणूस दगावतो. मग आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करणारं काही दिलं तर? प्रॅझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्तातली गोळी त्यांनी वापरून पाहिली. गंभीर दंशाच्या शंभर रुग्णांत जिथे तीस-चाळीस जात होते, तिथे ते प्रमाण एक-दोनवर आलं. 'लॅन्सेट'सारख्या जगातल्या मान्यवर वैद्यकीय नियतकालिकाने त्यांचं काम छापलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

या सगळ्यात मला गोळीपेक्षा वही मोठी वाटते. विंचू चावलेले रुग्ण त्यांच्या आधीच्या डॉक्टरांनीही पाहिले होतेच की. लिहून ठेवलं ते यांनी.

आता आपल्या शिवारात येऊ. तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी कापूस आहे. २००२ साली बीटी कापूस आला, २००६ साली दोन जनुकांचा आला आणि बोंडअळीचा विषय संपला असं आपण धरून चाललो. बियाण्याबरोबर बिगर-बीटीची छोटी पुडी मिळायची, कडेने लावायला. ती किती जणांच्या घरी लावली, हात वर करा. बघा. त्या कडेच्या ओळींवर वाढलेले साधे पतंग बीटी पचवलेल्या पतंगांशी मिसळावेत, म्हणजे अळीची प्रतिकारशक्ती पक्की होऊ नये, एवढ्यासाठी ती पुडी होती. ती बांधावर पडली. गुलाबी बोंडअळी शिकत गेली आणि २०१७ च्या हंगामात तिने मराठवाड्यात आणि विदर्भात काय केलं, ते मी सांगायची गरज नाही.

ही अळी बोंडाच्या आत बसते. बाहेरून बोंड हिरवंगार दिसतं. तिची चाहूल लागायच्या दोनच जागा. एक डोमकळी, म्हणजे पाकळ्या न उमलता गुंडाळून राहिलेलं फूल. दुसरी कामगंध सापळा. मादीच्या गंधाची गोळी लावली की नर पतंग त्यात येऊन पडतात. एका सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग पडले की उपाय करायची वेळ झाली, असा हिशेब कापूस शास्त्रज्ञांनी बसवून दिला आहे. माझा प्रश्न प्राणिशास्त्राच्या मुलांना आहे. तुमच्या गावात मागच्या हंगामात पहिले आठ पतंग कुठल्या आठवड्यात पडले? फरदड ठेवलेल्या रानाजवळ जास्त पडले का? जिनिंगच्या आसपास? तलवाड्याकडे आणि नदीकाठी फरक होता का?

कोणालाच माहीत नाही. मलाही नाही. ज्या प्रश्नाचं उत्तर या हॉलमध्ये कोणाकडेच नाही आणि जे काढायला वही, सापळे आणि सकाळची वीस मिनिटं लागतात, तो संशोधनाचा विषय असतो. दहा मुलांनी दहा गावांत सापळे लावले, जुलै ते डिसेंबर रोज पतंग मोजले, पुढच्या तुकडीने तेच चालू ठेवलं, तर तीन वर्षांनी तुमच्या कॉलेजकडे असा तक्ता असेल की नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतला माणूससुद्धा तो मागून घेईल.

रसायनशास्त्रवाल्यांनी हसू नये. पाण्याचा कडकपणा मोजायचं ईडीटीएचं टायट्रेशन तुम्ही सगळ्यांनी केलंय. लालसर रंग निळा झाला की बुरेट बंद करायचं, तीन रीडिंग, जर्नल, सही, आणि जर्नल रद्दीत. पण पाणी कुठलं होतं? प्रयोगशाळेच्या नळाचं. तेच काम घरच्या विहिरीच्या आणि बोअरच्या पाण्यावर करा, एकदा मेमध्ये, एकदा पावसाळा सरल्यावर. आपल्याखाली काळा कातळ आहे, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. बोअर जितकं खोल, तितकं पाणी त्या दगडात जास्त काळ मुरलेलं, आणि दगडातलं काहीबाही घेऊन आलेलं. म्हणून फ्लोराइड, नायट्रेटही वेगळं तपासा. पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची कमाल मर्यादा लिटरमागे दीड मिलिग्रॅम आहे, नायट्रेटची ४५. तुमची आजी ज्या बोअरचं पाणी पिते, त्याचा आकडा कुठे लिहिलेला आहे का?

आणि भूगोल, भूशास्त्राची आवड असणाऱ्यांसाठी गोदाकाठ आहेच. नदीतल्या वाळूचा थर पाणी धरून ठेवतो आणि काठच्या विहिरींना पुरवतो. उपशाने तो थर गेला की राक्षसभुवनच्या बाजूच्या विहिरींची पातळी किती आणि किती दिवसांत उतरते? वाळूचं नाव काढल्यावर सभागृह एकदम शांत झालं. घाबरू नका, मी फक्त विहिरीत दोरी सोडून खोली मोजायला सांगतेय.

आता भौतिकशास्त्रवाले. यांना वाटतं, आपलं सगळं अमेरिकेत. परभणी ओलांडली की हिंगोली जिल्हा लागतो. तिथे औंढा नागनाथजवळ 'लायगो-इंडिया' ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहते आहे. इंग्रजी एल अक्षराच्या आकाराच्या दोन नळ्या, प्रत्येकी चार किलोमीटर, आत निर्वात पोकळी आणि लेझरचा झोत. अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळली, तर त्याची लहर आज इथे पोचते आणि त्या चार किलोमीटरच्या लांबीत प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही कमी फरक पडतो. तो मोजायचा. अशी पहिली लहर १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन वेधशाळांनी टिपली. गोंगाटातून असा क्षीण संकेत वेगळा कसा काढायचा, याच्या गणिताचा पाया घालण्यात पुण्याच्या आयुका या संस्थेतले प्रा. संजीव धुरंधर अनेक वर्षं गुंतले होते, यंत्रं तयार होण्याच्या कितीतरी आधीपासून. लहर आकाशात नेमकी कुठून आली हे कळायला पृथ्वीवर दूरदूर वेधशाळा लागतात. हिंगोली हवी ती म्हणून, आणि तिथली जमीन शांत आहे म्हणूनही. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने सुमारे २६०० कोटी रुपयांच्या या प्रकल्पाला अंतिम मंजुरी दिली. बांधून व्हायला अजून वर्षं जातील. ती वर्षं तुमच्या सोयीची आहेत. आज बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली मुलगी पीएच.डी. संपवेल, तेव्हा तिथे माणसं लागणार आहेत; आणि सगळीच पीएच.डी.वाली नाहीत. निर्वात तंत्र, लेझर, इलेक्ट्रॉनिक्स, संगणक सांभाळणारे हातही लागतील.

तोवर एक करा. सहल दरवर्षी महाबळेश्वरलाच न्यायची असा काही विद्यापीठाचा नियम नाही. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही महाकाय रेडिओ दुर्बीण आहे, ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे शाळा-कॉलेजांचं मोठं प्रदर्शन भरतं. एक गाडी करा आणि जा.

आता पैशाचं बोलते, कारण घरी तोच प्रश्न विचारला जातो. "अजून किती शिकणार? फी कोण भरणार?" घरच्यांना हे कोणी सांगितलेलंच नसतं की चांगल्या संस्थेत विज्ञानाची पीएच.डी. करणाऱ्याला पगारासारखे पैसे मिळतात. सीएसआयआर-नेट या परीक्षेतून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार, पुढे ४२ हजार, शिवाय घरभाडं. पुण्याच्या आयसरमध्ये किंवा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत बी.एस्सी.नंतर थेट एकात्मिक पीएच.डी.ला जाता येतं. आयआयटीत एम.एस्सी. करायची तर जॅम ही परीक्षा. फॉर्म साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, परीक्षा फेब्रुवारीत. टाटा मूलभूत संशोधन संस्थेची प्रवेश परीक्षा डिसेंबरच्या सुमारास असते. आणि पदवीला असतानाच उन्हाळ्यात दोन महिने खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं असेल, तर देशातल्या तीन विज्ञान अकादम्या मिळून फेलोशिप देतात. तिचे फॉर्म आदल्या वर्षी दिवाळीच्या आसपास भरायचे असतात. राज्यात फेलोशिप देणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था आहेतच.

दिवाळीचं नाव निघालं म्हणून सांगते. तुमच्यातल्या कित्येकांचे आईवडील आज इथे नाहीत. ते ऊसतोडीला फडात आहेत. दसरा-दिवाळीला कोयता निघतो, उचल घेतलेली असते, आणि नेमके तेव्हाच हे फॉर्म निघतात. फॉर्मला लागतो उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर. तोही केंद्राच्या नमुन्यातला, राज्याचा चालत नाही. घरात सही करायला मोठं माणूस नाही, तहसीलला खेटे घालायला कोणी नाही, तारीख निघून जाते. मुलगा हुशार नव्हता असं नाही हो, दाखला नव्हता. म्हणून श्रावणातच, माणसं गावात असताना, सगळे दाखले काढून ठेवा. प्राचार्य सर, दर जुलैत कॉलेजातच एक दिवस दाखल्यांचं शिबिर घेतलंत, तर ते माझ्या या भाषणापेक्षा जास्त उपयोगाचं होईल.

गोड गोडच बोलायचं तर पाहुणे म्हणून दुसरं कोणी बोलावलं असतं. पीएच.डी. झाली की प्राध्यापकी मिळते, हे गणित आता जुळत नाही. नेट-सेट झालेली, डॉक्टरेट झालेली माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं शिकवताहेत, आणि कायम जागेसाठी "किती लागतात" हा प्रश्न आपल्याकडे उघडपणे विचारला जातो. फेलोशिपचे पैसेही कधी कधी महिनोन्महिने अडकतात. दोन-तीन वर्षांचं काम चुकीच्या दिशेने गेलं असं कळण्याचे दिवस येतात. ज्याला उत्तर शोधण्यात मजा येत नाही, त्याने केवळ नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून या वाटेला येऊ नये. वाळूजच्या औषध कंपन्यांत गुणवत्ता तपासणीला एचपीएलसी नीट चालवणारी माणसं लागतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये साखर आणि अल्कोहोल तंत्राचे अभ्यासक्रम आहेत. आईवडिलांनी तोडलेल्या उसाचा ब्रिक्स तपासणारा आणि उतारा काढणारा केमिस्ट बीडचा का नसावा? न्यायवैद्यक प्रयोगशाळा आहेत, भूजल सर्वेक्षण यंत्रणा आहे. स्पर्धा परीक्षा जरूर द्या, पण एमपीएससीच्या नादात पाच-पाच वर्षं पुण्यात पेठेतल्या खोलीत बसण्याआधी एकदा या जागांच्या जाहिराती तरी वाचा.

मुलींशी दोन शब्द. १९३३ साली मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रातली हुशार पदवीधर कमला भागवत बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत प्रवेश मागायला गेली, तर संचालक सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून नकार दिला. ती मागे हटली नाही. शेवटी अटी घालून घेतलं. १९३९ मध्ये तिने केंब्रिजची डॉक्टरेट मिळवली. विज्ञानात ती मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री मानली जाते. पुढे कमला सोहोनी म्हणून त्यांनी नीरेच्या पोषणमूल्यावर काम केलं. तुम्हाला अडवायला रामन येणार नाहीत. "बघायला पाहुणे येताहेत" असा फोन येईल. तेव्हा फेलोशिपचं पत्र हातात असेल तर घरातल्या बैठकीचा सूर बदलतो. हे मी माझ्या विद्यार्थिनींच्या घरी डोळ्यांनी पाहिलंय. महिना ३७ हजार कमावणाऱ्या पोरीचं लग्न लवकर उरकायची घाई कोणालाच राहत नाही.

या सगळ्या परीक्षांची नावं आणि फॉर्मचे महिने मोठ्या अक्षरांत लिहून आणलेत. कागद सरांकडे देते, सूचना फलकावर लावा. नेमकी तारीख दरवर्षी त्या त्या संस्थेच्या संकेतस्थळावर पाहायची. मी उद्या दुपारपर्यंत गेवराईत आहे. सकाळी नऊपासून रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बसेन. ज्यांना बोलायचंय त्यांनी या. जर्नल आणू नका, घरच्या विहिरीचं किंवा बोअरचं लिटरभर पाणी आणा. बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळून घ्या आणि वर गावाचं नाव, बोअरची खोली लिहा. सर, बुरेट तेवढं धुऊन ठेवा. आता बक्षिसं वाटू या, मागची मंडळी फार वेळ थांबलीत.