सहाव्या वर्षाची दाढ



मुलांचे दात तपासताना आम्हाला एक वाक्य हमखास ऐकू येते, "दुधाची दाढ आहे डॉक्टर, पडेल आपोआप." आणि तोंडात आरसा घालून पाहावे तर ती दाढ कायमची असते. यात आईवडिलांचा दोष नाही. पुढचे दात पडतात तेव्हा घरभर कळते. परंतु ६-७ व्या वर्षी दुधाच्या शेवटच्या दाढेमागे जी दाढ उगवते, तिच्यासाठी कोणताच दात पडत नाही. वर दोन, खाली दोन, अशा या चार दाढा गुपचूप येतात. अर्ध्या उगवलेल्या असताना तेथे ब्रश पोहोचत नाही, खाचांत बिस्किट अडकून राहते आणि कीड लागते. काही मुलांची दाढ तर उगवतानाच पिवळसर-तपकिरी व ठिसूळ असते. त्याबद्दल मुलाला रागावू नये.

लहान खड्डा सिमेंटने भरता येतो. परंतु दाढेच्या भिंतीच ढासळल्या तर भरलेले सिमेंट टिकत नाही. अशा वेळी पोलादी कॅप बसवावी लागते. अमेरिकेत डॉ. हम्फ्री यांनी १९५० साली ही कॅप मुलांसाठी पुढे आणली. ती तयार मापात मिळते. दाढ बधिर करायची, कीड काढायची, दाढ थोडी घासायची, कॅपच्या कडा वळवून ती सिमेंटने पक्की करायची; बहुधा एका बैठकीत काम होते. दोन-तीन दिवस दाढ उंच लागते, मग सवय होते.

"दातासारख्या रंगाची का नाही?" असे पालक विचारतात. मुलाच्या दाढेतील नस मोठी असते, त्यामुळे फार घासता येत नाही. शिवाय हिरडी अजून खाली सरकायची असते. म्हणून आज पोलादी कॅप आणि वाढ पूर्ण झाल्यावर, साधारण १८ व्या वर्षानंतर, कायमची.

कीड नसेपर्यंत गेली असेल तरी लगेच धीर सोडू नये. दाढ उगवल्यावर तिचे मूळ पूर्ण व्हायला सुमारे तीन वर्षे लागतात. तोवर नसेचा फक्त वरचा, बिघडलेला भाग काढून औषध ठेवतात, खाली मूळ वाढू देतात आणि वर कॅप बसवतात. मात्र प्रत्येक दाढ वाचतेच असे आम्ही म्हणणार नाही. अगदीच गेलेली दाढ ८ ते १० वर्षांच्या दरम्यान विचारपूर्वक काढली, तर मागची १२ व्या वर्षाची दाढ पुष्कळदा पुढे सरकून ती जागा घेते. उशीर झाला की फट राहते, शेजारचे दात कलतात.

रोजंदारी बुडवून दवाखान्यात खेटे घालणे किती अवघड असते, हे आम्ही जाणतो. मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालयांत मुलांच्या दातांवर उपचार होतात. दुखण्याची वाट न पाहता जावे.

विद्यार्थी मित्रांनो, आज घरी गेल्यावर धाकट्या भावंडाला उजेडात तोंड उघडायला सांगा. मधल्या रेषेपासून एका बाजूला मागे मोजत जा. सहावा दिसला, तर ती पडणारी दाढ नव्हे. तिच्यावर काळा खड्डा आहे का, तेवढे आईला सांगा.