रक्तातील नोंद आणि दप्तरातील नोंद
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा मजकूर)



साथ ओसरली की तिचा हिशोब मांडण्याची वेळ येते. दप्तरात जो आकडा असतो तो तपासणी झालेल्यांचा असतो. ज्याला ताप आला पण तालुक्याच्या गावी जाण्यास एस.टी. नव्हती, ज्याने मजुरी बुडेल म्हणून दुखणे अंगावर काढले, ज्याला आजार झाल्याचे कळलेही नाही, तो त्या आकड्यात नसतो. मात्र त्याच्या रक्तात त्या आजाराची नोंद झालेली असते. शरीर जंतूशी झुंजते तेव्हा प्रतिपिंडे तयार करते आणि आजार गेल्यावरही ती काही काळ रक्तात राहतात. निवडक लोकांचे रक्त तपासून लोकसंख्येतील किती जणांना पूर्वी लागण होऊन गेली याचा अंदाज बांधणे, ह्यालाच रक्तद्रव्य सर्वेक्षण म्हणतात. हा विषय डॉक्टरांचा म्हणून कार्यकर्त्याने सोडून देणे परवडणारे नाही, कारण कोण मोजला जातो आणि कोण वगळला जातो हा प्रश्न मुळात राजकीय आहे.

अहिल्यानगर जिल्ह्याचा, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरचा, ह्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध आला आहे. कोविडच्या साथीत भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २१ राज्यांतील ७० जिल्हे निवडून चार फेऱ्यांत सर्वेक्षण केले. महाराष्ट्रातील बीड, परभणी, नांदेड, सांगली, जळगाव आणि अहमदनगर हे सहा जिल्हे त्यांत होते. पद्धत अशी होती की प्रत्येक जिल्ह्यात चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे १० गावे अथवा शहरी वॉर्ड निवडावयाचे आणि प्रत्येक ठिकाणी घरोघर जाऊन ४० जणांचे रक्त घ्यावयाचे. म्हणजे जिल्ह्यामागे ४०० नमुने.

मे-जून २०२० मधील पहिल्या फेरीत देशभरातील २८,००० प्रौढांचे रक्त तपासले गेले. लागण होऊन गेलेल्यांचे प्रमाण ०.७३ टक्के निघाले. हा आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु देशाच्या प्रौढ लोकसंख्येला लावला असता मे महिन्याच्या आरंभीच सुमारे ६४ लाख लोकांना लागण होऊन गेली होती असा त्याचा अर्थ होतो. दप्तरात नोंदलेल्या एका रुग्णामागे नोंद न झालेली ८० ते १३० माणसे होती. ऑगस्ट-सप्टेंबर २०२० मधील दुसऱ्या फेरीत प्रमाण ६.६ टक्क्यांवर गेले. डिसेंबर-जानेवारीतील तिसऱ्या फेरीत ते २० टक्क्यांच्या पुढे आणि जून-जुलै २०२१ मधील चौथ्या फेरीत, लसीकरणासह, ६७.६ टक्क्यांवर पोहोचले.

असे आकडे वाचताना तीन गोष्टी पारखून घ्याव्या लागतात.

पहिली गोष्ट तपासणीच्या चुकीची. कोणतीही चाचणी निर्दोष नसते. समजा, एखादी चाचणी लागण झालेल्या १०० पैकी ९२ जणांना ओळखते आणि लागण न झालेल्या १०० पैकी ९८ जणांना बरोबर वगळते. चाचणी चांगलीच म्हणावी लागेल. आता ज्या जिल्ह्यात शंभरात एकालाच लागण झाली आहे तेथे ती ४०० जणांवर वापरली तर काय होईल? खरोखर लागण झालेले चार. ते बहुधा सापडतील. उरलेल्या ३९६ निरोगी माणसांपैकी दोन टक्के, म्हणजे सुमारे आठ जण, चुकून बाधित ठरतील. एकूण बारा जण बाधित दिसतील आणि त्यांतील आठ खोटे असतील! ४०० मध्ये १२ म्हणजे ३ टक्के, अशी बातमी छापून येईल, आणि वास्तव तिच्या एक तृतीयांश असेल. म्हणून हाती आलेल्या ३ टक्क्यांतून खोट्या निकालांचे २ टक्के वजा करावयाचे आणि बाकीला ९२ उणे २, म्हणजे ९० शतांशांनी भागावयाचे. उत्तर १ टक्क्याच्या आसपास येते. आजार विरळ असताना ही दुरुस्ती केली नाही तर आकडा फसवतो. परिषदेच्या पहिल्या फेरीत बाधित ठरलेले नमुने दुसऱ्या प्रकारच्या चाचणीने पुन्हा पडताळण्यात आले, ते ह्याच कारणाने.

परदेशातही हाच अनुभव आहे. अमेरिकेतील कनेटिकट राज्यात लाइम नावाचे गाव आहे. गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या आजाराला त्या गावाचे नाव मिळाले. १९७५ च्या सुमारास तेथील मातांनी आग्रह धरला, की एवढ्या मुलांचे सांधे एकाच वेळी सुजणे हा योगायोग नव्हे. तेथून शोधाला सुरुवात झाली. आजही त्या देशात वर्षाकाठी नोंद होणारे रुग्ण काही दशसहस्र असतात, तर २०१० ते २०१८ या काळात उपचार घेणाऱ्यांचा अंदाज वर्षाला सुमारे ४ लाख ७६ हजारांचा होता. त्या आजाराची प्रतिपिंडेही बरे झाल्यावर वर्षानुवर्षे राहू शकतात, म्हणून रक्तात खूण सापडली म्हणजे माणूस आज आजारी आहे असे ठरत नाही. तेथेही एका चाचणीवर न विसंबता दोन पायऱ्यांनी निदान करतात.

दुसरी गोष्ट सरासरीच्या पडद्याची. २०११ च्या जनगणनेनुसार अहमदनगर जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. ४०० नमुने म्हणजे दर ११ हजारांमागे एक. क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठा असलेला हा जिल्हा. अकोल्याच्या डोंगरातील आदिवासी वाडी, राहात्याची बागायत आणि जामखेडचे कोरडवाहू रान यांचे जीवन एक नाही. सत्तर जिल्ह्यांचे नमुने एकत्र केल्यावर देशाविषयी भरवशाने बोलता येते. त्यातील एका जिल्ह्याच्या ४०० नमुन्यांवरून एखाद्या तालुक्याविषयी छातीठोक विधान करणे गैर आहे. जुलै २०२१ मध्ये देशाचा आकडा दोन तृतीयांशांवर गेल्याचे जाहीर झाले, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ह्याच जिल्ह्यातील ६१ गावे टाळेबंदीत ठेवण्याची पाळी आली. सरासरीने दिलासा दिला म्हणून प्रत्येक गाव सुरक्षित होत नाही.

सरासरी मोडून पाहिली की समाजाची रचना उघडी पडते. जुलै २०२० मध्ये मुंबईच्या तीन वॉर्डांत झालेल्या सर्वेक्षणात झोपडपट्ट्यांत ५७ टक्के लोकांना लागण होऊन गेल्याचे दिसले. झोपडपट्टीबाहेर हेच प्रमाण १६ टक्के होते. परिषदेच्या दुसऱ्या फेरीत देशभरात शहरी झोपडपट्ट्यांत १५.६, अन्य शहरी वस्तीत ८.२ आणि ग्रामीण भागात ४.४ टक्के असे आकडे आले. विषाणू भेदभाव करीत नाही, हे वाक्य त्या काळात पुष्कळांनी ऐकवले. विषाणू करीत नसेलही. एका खोलीत आठ माणसे आणि सामाईक नळ ही व्यवस्था मात्र करते.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. चौथ्या फेरीत केरळात प्रतिपिंडांचे प्रमाण ४४.४ टक्के, महाराष्ट्रात ५८ टक्के आणि मध्य प्रदेशात ७९ टक्के होते. त्या दिवसांत वृत्तपत्रांत सर्वाधिक रुग्ण केरळात दिसत होते. ज्या राज्याने अधिक शोधले त्याच्या दप्तरात अधिक रुग्ण आले आणि त्यालाच दोष देण्यात आला. दप्तरातील मोठा आकडा हा अनेकदा प्रामाणिकपणाचा पुरावा असतो, हे रक्ताने सिद्ध केले.

तिसरी आणि नगरच्या कार्यकर्त्याला सर्वांत जवळची गोष्ट म्हणजे कुलूप लावलेल्या घराची. पाथर्डी, शेवगाव, जामखेड, कर्जत ह्या भागांतून दिवाळीच्या सुमारास ऊसतोड मजूर उचल घेऊन मुकादमाबरोबर बाहेर पडतात आणि उन्हाळ्यात परततात. तिसरी फेरी झाली १८ डिसेंबर २०२० ते ६ जानेवारी २०२१ या दिवसांत, म्हणजे गळीत हंगाम भरात असताना. घरोघर जाऊन रक्त घेणारे पथक कितीही प्रामाणिक असले तरी जो घरी नाही त्याचे रक्त ते घेऊ शकत नाही. मजूर तेव्हा कारखान्याच्या तळावर कोपीत असतो. पद्धतीने निवडलेले गाव त्याचे असते, परंतु तो गावात नसतो. आणि ज्या कारखान्याच्या गावात तो असतो तेथील घरांच्या यादीत त्याची कोपी नसते. दोन्हीकडून तो निसटतो. एप्रिल २०२० मध्ये टाळेबंदीमुळे हेच मजूर तळांवर अडकून पडले होते आणि सरकारच्या परवानगीनंतरच त्यांना गावाकडे निघता आले. दाटीवाटीने राहणारा, ट्रकच्या हौद्यातून प्रवास करणारा, रजेचा हक्क नसलेला हा वर्ग. धोका ज्याला अधिक, तोच मोजणीबाहेर राहण्याची शक्यता अधिक.

ह्यावर कोणी म्हणेल की मग अशा सर्वेक्षणांचा उपयोग काय? उपयोग फार मोठा आहे. किती जणांना लागण झाली हे कळल्याखेरीज आजार किती घातक हे ठरत नाही. लस, खाटा आणि प्राणवायू कोठे आधी पाठवावा हे ठरत नाही. दप्तरातील नोंदीला आव्हान देऊ शकणारा दुसरा साक्षीदार म्हणजे रक्त. प्रश्न त्या साक्षीदाराला सर्वांची साक्ष देऊ देण्याचा आहे.

त्यासाठी मागण्या साध्या आहेत. पुढील कोणत्याही आजाराच्या सर्वेक्षणात, मग तो डेंग्यू असो वा गोचिडीतून येणारा ताप, कारखान्यांचे तळ, वीटभट्ट्या आणि पालांची वस्ती यांचा स्वतंत्र गट करून नमुने घेतले जावेत. वेळ ठरवताना स्थलांतराचा हंगाम पाहिला जावा. ज्याचे रक्त घेतले त्याला त्याचा निकाल आणि ज्या गावातून घेतले त्या ग्रामसभेला गावाचा निष्कर्ष, त्याच्या मर्यादांसह, मराठीत सांगितला जावा.

हे अशक्य नाही. जामखेडला १९७० पासून डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी ज्या खेड्यांतील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून घडविले त्यांतील अनेकींना अक्षरओळख नव्हती. तरीही गावातील जन्म, मृत्यू आणि आजार यांचा चोख हिशोब त्यांनी ठेवला. कार्यकर्त्याचे काम त्याच वाटेवरचे आहे. हंगाम सुरू होताना कोणत्या वस्तीतील किती कोयते कोणत्या कारखान्यावर गेले, याची यादी गावागावांत तयार असली पाहिजे. पुढल्या वेळी रक्त घेणारे पथक कुलपासमोरून परत फिरू लागेल, तेव्हा घरातली माणसे कोठे आहेत हे त्याला सांगणारे कोणीतरी दारात उभे असावे.