एचआयव्ही : औषध आहे, तपासणी हवी
एचआयव्हीसाठी आज बहुतेकांना रोजची एक गोळी पुरते. सरकारी एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्ही उपचार केंद्रात, ती मोफत मिळते. ती नेमाने घेऊन रक्तातला विषाणू चाचणीत सापडेनासा झाला, की शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही.

प्रतिबंधातही मोठं यश आलंय. दक्षिण आफ्रिका आणि युगांडातल्या चाचणीत लेनाकापावीर हे सहा महिन्यांतून एकदा द्यायचं इंजेक्शन मिळालेल्या 2134 तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही, असं 2024 साली जाहीर झालं.

मात्र लागण झालेल्यांच्या शरीरात, गोळी चालू असतानाही, विषाणू पेशींत दडून राहतो. गोळी सोडली, की पुन्हा वाढतो. त्याहून मोठा अडसर बदनामीच्या भीतीचा. त्यापायी अनेकजण तपासणीच टाळतात. सरकारी केंद्रात तपासणी मोफत होते, अहवाल गुप्त राहतो. शंका असेल तर 1097 या मोफत क्रमांकावर विचारा आणि वेळेवर तपासणी करून घ्या.