एकच खेळ, की अनेक?

(गणेशोत्सवातील व्याख्यानाच्या संध्याकाळी पालकांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



आरतीनंतर आणि प्रसादाआधी बोलायला उभे राहणाऱ्याने थोडक्यात आटपावे, हा आपल्या मंडळाचा अलिखित नियम मला ठाऊक आहे. तो पाळायचा प्रयत्न करतो. आयुष्यभर शाळेच्या मैदानावर शिट्टी वाजवली, माईकची सवय नाही. आवाज चढला तर सांभाळून घ्या.

भिलाईला बास्केटबॉल नवा नाही. इथल्या मुलींनी छत्तीसगडसाठी राष्ट्रीय स्पर्धांत पदके आणलेली आपण पाहिली आहेत. त्यामुळे आजचा विषय घराघरातला आहे. पण सुरुवात मला माझ्या एका चुकीपासून करावी लागेल.

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मुलगी होती. वय तेरा, उंच आणि चपळ. खो-खोत खांबावरून वळताना तिला हात लावणे कठीण. उंच उडीत शाळेत पहिली. बास्केटबॉलही छान खेळायची. मी तिच्या बाबांना बोलावून सांगितले, "हिला आता फक्त बास्केटबॉल खेळू द्या." ते भिडस्त गृहस्थ. म्हणाले, "सर, तिला खो-खो फार आवडतो हो. दोन्ही चालू ठेवलं तर?" मी ऐटीत म्हणालो, "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत!"

मग बारा महिने, सकाळ-संध्याकाळ एकच खेळ. ताकदीच्या व्यायामाचे नाव नाही. कारण वजन उचलले की उंची खुंटते, असे मीच मुलांना सांगत असे, आणि मुलींना तर नक्कीच. पंधराव्या वर्षी साध्या सरावात तिने रिबाउंडसाठी उडी घेतली आणि खाली आली. कोणाचा धक्का नाही, काही नाही. गुडघा आत वळला आणि ती खाली बसली. एसीएल नावाचे गुडघ्यातले लिगामेंट तुटले होते. शस्त्रक्रिया झाली, चालणे-फिरणे पूर्ववत झाले, पण ती पुन्हा कोर्टवर आली नाही. आपल्यात म्हण आहे, उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. इथे उतावळा मी होतो, आणि गुडघ्याला पट्टी तिच्या बांधली गेली.

तिने मला कधी बोल लावला नाही. गेल्या वर्षी तिचा फोन आला. "सर, मुलगा दहा वर्षांचा झाला. शिकवणारे म्हणतात, आत्ताच एक खेळ ठरवा आणि बारा महिने पाठवा. काय करू?" तिला जे उत्तर दिले, तेच आज विस्ताराने सांगणार आहे.

गंमत अशी की बास्केटबॉलचा जन्मच मुळी अनेक खेळ खेळणाऱ्यांसाठी झाला. 1891 चा डिसेंबर. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफिल्ड गावी वायएमसीएची प्रशिक्षण शाळा होती. शरद ऋतूतला फुटबॉल संपलेला, वसंतातल्या बेसबॉलला अवकाश, बाहेर बर्फ. वर्गातली तरणी पोरे कवायतीला कंटाळलेली. तेव्हा जेम्स नेस्मिथ या शिक्षकाने सभागृहाच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, तेरा नियम लिहिले आणि चेंडू हातात दिला. म्हणजे हा खेळ निघाला तो दोन खेळांमधला हिवाळा भरून काढायला!

अमेरिकेतल्या हायस्कुलांनी हे ऋतुचक्र आजही ठेवले आहे. 2011 साली निवृत्तीनंतर मी धाकट्या भावाकडे ओहायो राज्यात पाच महिने राहिलो. जवळच्याच एका लहान गावच्या हायस्कूलमध्ये पुतण्या शिकत होता. तिथे हायस्कूल म्हणजे नववी ते बारावी. शरद ऋतूत अमेरिकन फुटबॉल, व्हॉलीबॉल, लांब पल्ल्याची धाव. हिवाळ्यात बास्केटबॉल, कुस्ती, पोहणे. वसंतात बेसबॉल, सॉफ्टबॉल, मैदानी स्पर्धा. शाळा लहान असली की तीच पोरे तिन्ही ऋतूंत दिसतात, कारण संघ भरायला दुसरी पोरे आणायची कुठून? माझी म्यानातली म्हण तिथे कोणाला पटली नसती.

पण मला खरी उत्सुकता होती ती तिथल्या वजनांच्या खोलीची. फुटबॉलचा कोच म्हणतो पोरगा माझा, बास्केटबॉलचा म्हणतो माझा, आणि दोघेही त्याला घाम गाळायला लावतात. तीन खेळ खेळणाऱ्या पोराला सुट्टीचा ऋतूच नसतो. मग ताकद वाढवायची कधी? त्या शाळेने यावर साधा तोडगा काढला होता. वजनांची खोली एकाच माणसाच्या ताब्यात, आणि प्रत्येक विद्यार्थ्याची एक वही. खेळ बदलला तरी वही तीच. कोणत्याही कोचने वही पाहिल्याशिवाय व्यायाम सांगायचा नाही.

ऋतू चालू नसेल तेव्हा आठवड्यातून तीन दिवस. सामने चालू असले की दोनच दिवस, अर्धा-अर्धा तास, आणि सामन्याच्या आदल्या दिवशी जड काही नाही. हंगामात नवी ताकद कमवायची घाई नाही, फक्त कमावलेली टिकवायची. मला वाटे, सामने सुरू झाले की व्यायाम बंद, म्हणजे पाय ताजे राहतात. प्रत्यक्षात उलटे होते. व्यायाम पूर्ण सोडला तर चार महिन्यांच्या हंगामाच्या शेवटी, नेमक्या मोठ्या सामन्यांच्या वेळी, पोरगा सुरुवातीपेक्षा कमजोर झालेला असतो.

आणखी एक गोष्ट पाहिली. फुटबॉल संपवून एक धिप्पाड पोरगा बास्केटबॉलला आला. ताकद भरपूर, दमही बरा. तरी कोचने पहिले दोन आठवडे त्याच्या उड्या मोजून घेतल्या. मी कारण विचारले. तो म्हणाला, याचे पाय तयार आहेत, पण लाकडी जमिनीवर दिवसाला शंभर वेळा उतरायला तयार नाहीत. एका खेळाची तयारी दुसऱ्या खेळात जशीच्या तशी चालत नाही. ऋतू बदलताना शरीराला उसंत द्यावी लागते. नुसते अनेक खेळ खेळवले म्हणजे झाले, असे नाही.

आता माझ्या त्या विद्यार्थिनीकडे परत येतो. बास्केटबॉलसारख्या उड्या आणि वळणांच्या खेळांत मुलींना एसीएलची दुखापत मुलांपेक्षा कितीतरी जास्त होते, हे आता जगभर मान्य आहे. 1999 साली अमेरिकेतल्या सिनसिनाटी इथल्या संशोधकांनी हायस्कूलच्या सॉकर, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल संघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुलींना हंगामाआधी सहा आठवडे उडी मारणे, नीट उतरणे आणि ताकदीचे व्यायाम शिकवले. इतर मुलींना नाही. हंगामात गुडघ्याच्या गंभीर दुखापतींचे प्रमाण न शिकवलेल्या मुलींमध्ये शिकवलेल्यांच्या साडेतीन पटींहून थोडे जास्त निघाले. सहा आठवडे! मी त्या मुलीला दोन वर्षे शिकवले. चेंडू कसा टाकायचा ते शिकवले, खाली कसे यायचे ते शिकवले नाही.

आणि उंचीचे काय? इथे बसलेल्या प्रत्येक आईच्या मनात हा प्रश्न आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने 2008 साली आणि पुन्हा 2020 साली सांगितले आहे की, योग्य देखरेखीखाली आखलेल्या ताकदीच्या व्यायामाने मुलांच्या वाढीवर वाईट परिणाम होताना दिसत नाही. 2014 साली अनेक देशांतल्या तज्ज्ञांनी मिळून काढलेला निष्कर्षही तसाच आहे. मुलांना इजा होते ती बहुतेक करून देखरेखीशिवाय, चढाओढीने जास्तीत जास्त वजन उचलताना, किंवा वजन पायावर पडून. थोडा विचार केला तरी लक्षात येईल. उडी मारून एका पायावर उतरताना शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार गुडघ्यावर येतो. तो आपल्याला चालतो, आणि पाच किलोचे वाळूचे पोते पाहून मात्र आपण घाबरतो.

शिवाय वयात येण्याआधी व्यायाम केला तर दंड फुगत नाहीत. स्नायूंना हुकूम देणारी मज्जासंस्था तरबेज होते, आणि ताकद त्यातून येते. म्हणून मुलगी पुरुषी दिसेल, ही भीती मनातून काढून टाका.

आता मोठ्या खेळाडूंची नावे घेतल्याशिवाय मुले ऐकत नाहीत, म्हणून दोन घेतो. लेब्रॉन जेम्स ओहायोतल्याच ॲक्रन गावचा. हायस्कूलची चारपैकी तीन वर्षे तो फुटबॉलही खेळला, आणि त्याच चार वर्षांत त्याच्या शाळेने बास्केटबॉलचे राज्य विजेतेपद तीनदा पटकावले. ॲलन आयव्हर्सनने व्हर्जिनियातल्या आपल्या शाळेला एकाच शालेय वर्षात फुटबॉल आणि बास्केटबॉल दोन्हींत राज्य विजेते केले. पण प्रामाणिकपणे सांगतो, हा पुरावा नव्हे. ते असामान्यच होते. आपल्या मुलाने तीन खेळ खेळले म्हणून तो लेब्रॉन होणार नाही. मात्र एक खेळ लवकर पकडला नाही तर दारे बंद होतात, ही भीती खोटी आहे, एवढे त्यातून नक्की कळते.

अमेरिकेत सगळे आलबेल आहे, असेही समजू नका. शाळेबाहेरचे क्लब तिथेही बारा महिने एकच खेळ खेळवतात, आणि पालक त्यासाठी पैसे मोजतात. ते इतके वाढले की 2016 साली एनबीए आणि यूएसए बास्केटबॉल या संस्थांना पालकांसाठी मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या. त्यात म्हटले आहे की, किमान चौदा वर्षांपर्यंत मुलाला एकाच खेळात अडकवू नका. त्याच वर्षी बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने बहुतेक खेळांसाठी पंधरा-सोळा वर्षांपर्यंत थांबायला सांगितले. शिवाय आठवड्यातून एक-दोन दिवस विश्रांती, आणि वर्षातून एकूण तीन महिने, एकेक महिन्याच्या तुकड्यांनी, आपल्या मुख्य खेळापासून सुट्टी. ज्यांचे पोट बास्केटबॉलवर चालते तेच हे सांगत आहेत, ही बाब ध्यानात घ्या.

आपल्यातले बरेच जण विदर्भातून इथे आले. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ आपल्याला ठाऊक आहे. 1914 साली स्थापन झालेल्या या संस्थेच्या पथकाने 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या खेळांची प्रात्यक्षिके करून दाखवली. आपल्या आखाड्यांत पोरगा जोर काढी, बैठका मारी, मल्लखांबावर चढे, आणि मग कुस्ती असो की कबड्डी, जे मिळेल ते खेळे. आधी पाया आणि मग कळस, हे आपल्या आजोबांना माहीत होते. आपण महागडे बूट घेतले आणि बैठका सोडल्या.

तर काय करावे? महागडी जिम नको, पावडरीचे डबे नकोत. आठवड्यातून दोन दिवस, अर्धा तास, मध्ये एखाद-दुसरा दिवस सोडून. बैठका, जोर (जमत नसतील तर हात बाकावर टेकून), बारला लोंबकळून वर येणे, एका पायावर तोल सांभाळणे. आणि रोज थोड्या उड्या, पण उतरताना मांजरासारखे, आवाज न करता, गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत. गुडघे आत वळले तर तिथेच थांबायचे आणि दुरुस्त करायचे. पंधरा वेळा नीट जमले की मगच वजन, आणि वाढवायचे ते पाच-दहा टक्क्यांनी. थेंबे थेंबे तळे साचे. खेळ मात्र ऋतूप्रमाणे बदलू द्या. पावसाळ्यात कबड्डी, हिवाळ्यात बास्केटबॉल, उन्हाळ्यात सकाळी पोहणे. दहावीचे वर्ष आले की आपण सगळेच बंद करतो. सामने बंद करा हवे तर, पण हे दोन अर्धे तास ठेवा.

आणि वही. प्रत्येक मुलाची एक वही करा. शाळेचे सर, क्लबचे सर, शिकवणीवाले सर, प्रत्येकाला वाटते पोरगा फक्त आपलाच. तो किती खेळला, किती थकला, किती झोपला, हे कुठेतरी एका ठिकाणी लिहिलेले असू द्या.

त्या मुलीला फोनवर मी एवढेच म्हणालो, "त्याला सगळं खेळू दे. चार-पाच वर्षांनी तो स्वतःच ठरवेल. तोवर त्याचे गुडघे सांभाळ." ती हसली आणि म्हणाली, "सर, हे तेव्हा का नाही सांगितलंत?" माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हा ठाऊक नव्हते, हे खरे; पण तिच्या बाबांनी विचारले होते आणि मी ऐकले नव्हते, हेही तितकेच खरे.

विसर्जनानंतर दर मंगळवारी आणि शनिवारी सकाळी सहा वाजता मी मैदानावर असेन. मुलामुलींना पाठवा. फी नाही. वही तेवढी सोबत द्या.

गणपती बाप्पा मोरया!