रोषणाईचे नियंत्रण



उत्सवातील रोषणाई म्हटली की जुन्या पिढीस फिरते रोलर आठवतात. मोटारीवर फिरणाऱ्या ढोलावर तांब्याच्या पट्ट्या बसविलेल्या असत. पट्टी टेकली की माळ पेटे, सुटली की विझे. नक्षी बदलावयाची तर पट्ट्यांची मांडणीच बदलावी लागे. शिवाय २३० व्होल्टची वीज उघड्या तांब्यातून खेळत असल्याने भाद्रपदाच्या ओल्या हवेत ही करामत जिवावर बेतणारी होती.

आज प्रचारात असलेल्या ‘डब्ल्यूएस २८१२’ जातीच्या एलईडी पट्टीत प्रत्येक दिव्याच्या पोटातच एक सूक्ष्म चिप असते. नियंत्रकाकडून आकड्यांची रांग येते. पहिला दिवा आपल्या वाट्याचे २४ बिट, म्हणजे लाल, हिरव्या व निळ्या रंगासाठी प्रत्येकी ८, ठेवून घेतो आणि उरलेली रांग पुढे सारतो. पंगतीत पत्रावळी पुढे सरकवाव्यात तसाच हा व्यवहार होय. दिव्यागणिक संदेशाची वेगळी तार लागत नाही आणि नक्षी बदलणे म्हणजे केवळ आकडे बदलणे ठरते.

मात्र ही सोय अमर्याद नव्हे. एका दिव्याचा संदेश पाठविण्यास सुमारे ३० मायक्रोसेकंद लागतात. हजार दिव्यांस ३० मिलिसेकंद, म्हणजे सेकंदास जेमतेम ३३ चित्रे. दिवे चौपट केल्यास चित्रे आठांवर येतात व हालचाल अडखळते. म्हणून मोठी रोषणाई गटांत विभागून प्रत्येक गटास नियंत्रकाची स्वतंत्र वाहिनी द्यावी. एखादी चिप निकामी झाल्यास तिच्यापुढील सारे दिवे संदेशास मुकतात. गट लहान असेल तर अंधारही लहान राहतो.

खरी कसोटी विजेची आहे. पूर्ण तेजाच्या पांढऱ्या रंगात एक दिवा ६० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह घेतो. हजार दिव्यांस ५ व्होल्टवर ६० अँपिअर लागतात. वीज ३०० वॅटच, परंतु एवढा प्रवाह पातळ पट्टीस पेलत नाही. शेवटाकडील पांढरा रंग तांबूस पडतो, सांधे तापतात. याकरिता ठरावीक अंतरावर जाड तारेने वीज जोडावी लागते. दरपत्रकात दिव्यांची संख्या ठळक असते; तारेची जाडी बहुधा विचारावीच लागते! तेज निम्म्यावर ठेवल्यास प्रवाहही जवळजवळ निम्मा होतो, आणि रात्री तेवढा उजेड पुरेसा असतो.

पट्टीतील ५ व्होल्टचा धक्का बसत नाही हे खरे. पण ते ५ व्होल्ट देणारी पेटी २३० व्होल्टवरच चालते. ती पावसापासून झाकलेली आहे काय, तिला अर्थिंग व गळती होताच वीज तोडणारा खंडक आहे काय, हे पंचायत सदस्यांनी मंडपात शिरताच, दिवे पाहण्यापूर्वी पाहावे.